आत जाणारी चाकं

आमचं विमान पहिल्यांदा हवेत राहिलं ते सलग चार दिवस. इतका वेळ हवेत राहिलेलं दोन माणसांचं विमान आमच्या उड्डाण क्लबात दुसरं नाही, हे मी छाती पुढे काढून सांगतो. ते गॅरेजच्या तुळईला साखळ्यांनी टांगलेलं होतं, हा तपशील लोक उगाचच मध्ये आणतात.

विमान मी स्वतः बांधलं. म्हणजे सुटे भाग पेट्यांतून आले, त्यांच्याबरोबर एक जाडजूड पुस्तक आलं, आणि साडेतीन वर्षं दर रविवारी आणि प्रत्येक रजेच्या दिवशी मी त्या पुस्तकात बघून एकेक भाग जोडत गेलो. मी जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात वरिष्ठ कारकून आहे. लोक जगात आल्याचे आणि जगातून गेल्याचे दाखले देतो. मधल्या काळात माणसाने काय करावं याबद्दल आमच्या कार्यालयाचं काहीच म्हणणं नाही, म्हणून मी विमान बांधायला घेतलं.

विमानाचं धड गॅरेजमध्ये होतं आणि दोन्ही पंख बैठकीच्या खोलीत सोफ्यामागे उभे होते. बायको फर्निचर पुसता पुसता तेही पुसायची.

"आल्यागेल्याला काय सांगू?" तिने एकदा विचारलं.

"पंख आहेत म्हणून सांग."

"ते दिसतंय हो लोकांना. का आहेत, ते विचारतात."

या प्रश्नाला माझ्याकडे चारचौघांत सांगण्याजोगं उत्तर कधीच नव्हतं, आणि ते नाही म्हणून विमान बांधायचं थांबलंही नाही. सगळं सुरळीत चाललं होतं. मग नववं प्रकरण आलं.

नववं प्रकरण चाकांचं. पुस्तकाने इथे दोन पर्याय दिले होते. डाव्या पानावर स्थिर चाकं. दोन पाय धडाच्या दोन बाजूंना, तिसरा नाकाखाली, बोल्ट आवळा आणि विसरा. विमान उडेल तेव्हा चाकं खाली लोंबत राहतील, उतरेल तेव्हा तीच जमिनीला लागतील. उजव्या पानावर आत जाणारी चाकं. बटण दाबलं की मोटार घरघरते, तेलाचा दाब वाढतो, तिन्ही पाय दुमडून पोटात जातात आणि वर झाकण बसतं. पुन्हा बटण दाबलं की बाहेर येतात आणि समोर तीन हिरवे दिवे लागतात. डाव्या पर्यायाला चार आकृत्या होत्या. उजव्याला एकतीस. शहाण्या माणसाने तिथेच डाव्या पानावर खूण घालून पुस्तक मिटलं असतं.

पण शहाण्या माणसाच्या क्लबात सर्जन नसतो. आमच्या क्लबातले सर्जन मोठे देखणे गृहस्थ. त्यांच्या विमानाची चाकं आत जातात. उड्डाण केलं की धावपट्टी संपायच्या आत ती पोटात गुडूप, आणि खाली उभे असलेले आम्ही सगळे माना वर करून बघत राहतो. एकदा चहाच्या टेबलावर मी म्हणालो, की चाकांचं अजून ठरायचंय. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि अतिशय सौम्य आवाजात सांगितलं, "स्थिर चाकं लावा की. काही वाईट नसतात. शिकाऊ लोकांना बरी पडतात."

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. माझ्या सहीशिवाय या शहरात कुणी अधिकृतरीत्या जन्माला येत नाही. त्या वाक्यानंतर तीन दिवस मला जेवण गेलं नाही, आणि चौथ्या दिवशी मी आत जाणाऱ्या चाकांची पेटी मागवली.

यात एक अडचण होती. ती अडचण म्हणजे माझे सासरे.

सासरे एकोणऐंशी वर्षांचे. अडतीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली. इतर लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, ते सूतभर माप मोजणारा व्हर्नियर लावतात. दुसऱ्याच्या शब्दावर त्यांनी आयुष्यात कधी विश्वास ठेवला नाही. जे स्वतः मोजलं, हाताने चाचपलं, तेच खरं. लग्न ठरताना मी म्हणालो होतो, आमची खोली बारा फूट बाय दहा आहे. दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन आले. खोली अकरा फूट दहा इंच निघाली. त्यांनी टेप गुंडाळली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे." मुलगी दिली, पण ते दोन इंच सव्वीस वर्षं आमच्या दोघांच्या मध्ये उभे होते. मला ते जावईबापू म्हणतात आणि माझ्यामागे कागदवाले म्हणतात. माझ्या हातून झालेल्या एकाही कामाला त्यांनी कधी चांगलं म्हटलेलं नाही.

विमानाचा पहिला पत्रा जोडला तेव्हा ते आले, सगळे रिव्हेट बोटाने चाचपले आणि म्हणाले, "जावईबापू, हे उडलं तर दुसऱ्या सीटवर पहिला मी बसणार. माझी मुलगी नंतर. आधी मी तपासणार."

आता हे प्रेम होतं की अविश्वास, याचा मी अजून विचार करतो आहे. पण ते जन्मात कधी विमानात बसले नव्हते, आणि ते वाक्य बोलताना त्यांनी चष्मा उगाचच दोनदा पुसला होता. विमान बांधण्याचं खरं कारण मला त्या दिवशी मिळालं. या माणसाला मी वर नेणार होतो, आणि तिथे जमिनीपासून दोन हजार फुटांवर त्याला माझ्याबद्दल काहीतरी बरं बोलावंच लागणार होतं.

तर नवव्या प्रकरणाच्या वेळी सासऱ्यांनी मला न विचारता डावं पान उघडलं, आकृत्यांची मापं उतरवून घेतली आणि घरी गेले. दीड महिन्याने आले ते जुन्या चादरीत काहीतरी बांधून. स्थिर चाकांचे तीन आस, आणि पाय धडाला जोडायचे सगळे खोबणीचे तुकडे. पोलादाच्या कांबीतून, एकोणऐंशीव्या वर्षी, स्वतःच्या घरच्या छोट्या लेथवर काढलेले. आरशासारखे चमकत होते.

आणि मग मी सांगितलं, की मी आत जाणारी चाकं मागवली आहेत.

सासऱ्यांनी उजवं पान वाचलं, सगळ्या एकतीस आकृत्या बघितल्या आणि विचारलं, "चाक खाली आलंय, हे कसं कळणार?"

"हिरवा दिवा लागतो."

"दिवा लागला तर दिवा लागला एवढंच कळतं. चाकाचं काय?"

"मामा, दिव्याची वायर चाकाच्या कुलपाला जोडलेली असते."

"वायर कोणी जोडली?"

"मी."

"ठीक आहे," ते म्हणाले. हे 'ठीक आहे' मी खोलीच्या मापाच्या वेळीही ऐकलं होतं. चादरीची गाठ त्यांनी पुन्हा बांधली आणि ते गाठोडं जिन्याखाली ठेवून ते घरी गेले. बायको माझ्याशी दोन दिवस फक्त कामापुरतं बोलली.

"चाकं बाहेर आहेत तर राहू द्यायची ना बाहेर," तिसऱ्या दिवशी ती म्हणाली. "आत नेऊन करायचंय काय त्यांचं?"

"वेग वाढतो."

"किती?"

मी हिशेब केलेला होता. इथून जवळच्या धावपट्टीपर्यंतच्या अर्ध्या तासाच्या उड्डाणात अडीच मिनिटं वाचणार होती. तो आकडा मी सांगितला नाही. बराच वाढतो, एवढंच म्हणालो.

आता सरकारी कामकाज. घरी बांधलेल्या विमानाची चाकं कोणत्या प्रकारची आहेत, हे परवाना कार्यालयाला अर्जाने कळवावं लागतं. मी खिडकीपाशी उभा राहिलो. मागे बसलेला कारकून माझा अर्ज न बघताच म्हणाला, "उद्या या." हे दोन शब्द मी स्वतः तीस वर्षं बोलत आलो आहे, पण ते समोरून कसे ऐकू येतात याची मला कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशी गेलो तर छायाचित्र विमानाचं नको, माझं हवं होतं. तिसऱ्या दिवशी माझं नेलं तर ते विमानासोबतचं हवं होतं. चौथ्या दिवशी त्याने अर्ज घेतला, आणि मी अनुभवी माणसासारखा तिथल्या तिथे शेवटचा रकाना भरून दिला. रकाना असा होता: 'चाके: स्थिर / आत जाणारी.' खाली बारीक अक्षरात काहीतरी सूचना होती. कारकुनाने दिलेल्या सूचना कारकून वाचत नसतो. आमच्या कार्यालयात तीस वर्षांची पद्धत अशी, की जे काम घेतलं आणि मार्गी लावलं त्यावर आडवी रेघ मारायची. मी ऐटीत 'आत जाणारी' या शब्दांवर पट्टीने रेघ मारली, सही ठोकली आणि बाहेर आलो. ही रेघ लक्षात ठेवा. पुढे तिच्यामुळे बरंच काही घडलं.

तपासनीस गुरुवारी येणार असं पत्र आलं. आदल्या रविवारी मी चाकांची चाचणी ठरवली. चाकं आतबाहेर करून बघायची तर विमान जमिनीवर असून चालत नाही, हे उघड आहे. मी दोन चेनपुल्ल्या आणल्या, विमान गॅरेजच्या तुळईला टांगलं आणि चार फूट वर उचललं. पंख नसलेलं ते धड हवेत इतकं रुबाबदार दिसत होतं, की मी बायकोला बोलावलं. तिने शेजारच्या निवृत्त काकांना बोलावलं, काकांनी समोरच्या शिंप्याला हाक मारली, आणि गाण्याच्या बाई आपल्या वर्गातल्या पाच मुलींना घेऊनच आल्या. मी स्टुलावर चढून आत बसलो आणि बटण दाबलं.

मोटार घरघरली. तिन्ही चाकं सावकाश दुमडली, पोटात गेली आणि झाकण टक्कन बसलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्या क्षणी सर्जन तिथे असते तर मी त्यांना चहा विचारला असता.

मग मी बटण पुन्हा दाबलं. मोटारीने एक उसासा टाकला आणि फ्यूज गेला. दुसरा घातला, तोही गेला. माझ्याकडे सहा फ्यूज होते, ते सगळे एकामागून एक गेले.

पुस्तक अशा प्रसंगाला तयार होतं. मोटार बंद पडली तर चाकं हाताने सोडायची कडी सीटखाली दिलेली असते. सीट काढायची तर तिचे स्क्रू पोटाखालून निघतात. पोटाखालच्या स्क्रूंपर्यंत पोचायचं तर चाकांचं झाकण उघडावं लागतं, आणि झाकण उघडतं चाकं खाली आल्यावर. हा हिशेब मी मनात चारदा मांडला. सीट मीच बसवली होती. स्क्रू वरून घालायचे असतात हे मागाहून कळलं.

एवढ्यात भोंगा सुरू झाला. हा भोंगा मोठ्या शहाणपणाचा असतो. चाकं आत असताना इंजिनाचा दांडा मागे ओढलेला असला, की विमानाला वाटतं, हा माणूस उतरायला निघालाय आणि चाकं विसरलाय. मग ते बोंब मारतं. दांडा पुढे ढकलला की गप्प बसतं. मुख्य बटण बंद केलं तर भोंगाही बंद व्हायला हवा, पण तो कुणी चुकून बंद करू नये म्हणून मी त्याची वायर थेट बॅटरीला जोडली होती. ही सुधारणा पुस्तकात नव्हती, माझी स्वतःची होती. बॅटरी पोटात होती, झाकणाच्या आत.

दांडा पुढे ढकलून त्यात बायकोचा लाकडी चमचा अडकवला. दर तासा-दोन तासांनी चमचा घसरायचा आणि सगळ्या गल्लीला कळायचं, की माझी चाकं अजून आतच आहेत.

पुढचे चार दिवस सल्ल्यांचे. निवृत्त काकांनी गॅरेजभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि सांगितलं, की विमान खाली येत नसेल तर जमीन वर आणावी. वाळूची पोती रचावीत. "खाली गाद्या घाला आणि उतरवा," दुसरं कुणीतरी म्हणालं. त्यावर बायकोने आपल्या गाद्या मिळणार नाहीत हे लगेच स्पष्ट केलं, आणि पोट चेपेल हे मी नंतर स्पष्ट केलं. शिंपी बराच वेळ विमानाच्या पोटाकडे मान वाकडी करून बघत होता. "शिवणीवर उसवायला हवं," तो म्हणाला. "कापायचं नाही. जिथे जोड आहे तिथेच उसवायचं." मी त्याला समजावून सांगितलं, की हे कापड नव्हे. गाण्याच्या बाई मंगळवारी आल्या त्या जरा रागातच होत्या.

"तुमच्या भोंग्याचं काय ते एकदा ठरवा," त्या म्हणाल्या. "माझ्या मुली आता त्याच्या सुरात गायला लागल्या आहेत. आणि तो किंचित उतरलेला आहे."

कार्यालयात ही बातमी पोचायला बुधवार उजाडला. एका गृहस्थाने बाळाच्या जन्माचा दाखला घेता घेता मला विचारलं, "साहेब, उतरलं का?" मी मान खाली घालून शिक्का मारला, आणि तो उलटा पडला.

या चार दिवसांत सासरे आले नाहीत. बायकोने फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं म्हणे, की साखळ्या नीट आहेत ना.

गुरुवारी तपासनीस आले. बारीक अंगाचे, हळू बोलणारे, हातात माझी फाईल. नेमके त्याच वेळी सासरेही आले आणि दाराशी उभे राहिले. तपासनिसांनी टांगलेल्या विमानाला एक प्रदक्षिणा घातली, वाकून पोट बघितलं, फाईल बघितली, पुन्हा पोट बघितलं.

"कागदावर चाकं स्थिर आहेत," ते म्हणाले.

"नाही हो, आत जाणारी. मी स्वतः रेघ मारली आहे."

"लागू नसेल ते खोडा, असं खाली लिहिलंय. तुम्ही 'आत जाणारी' खोडलंय. म्हणजे स्थिर." त्यांनी पोटाकडे बोट केलं. "आणि इथे तर चाकंच नाहीत."

"आत आहेत."

"मला दिसत नाहीत. जे दिसत नाही ते मी लिहू शकत नाही."

दाराशी उभ्या असलेल्या सासऱ्यांनी या वाक्यावर मान डोलावली. सव्वीस वर्षांत मला न मिळालेली ती मान एका परक्या माणसाला पाच मिनिटांत मिळाली. चमचाही नेमका तेव्हाच घसरला. भोंगा वाजत असताना तपासनीस शांतपणे उभे राहिले. मी चमचा परत बसवून खाली उतरलो तेव्हा ते म्हणाले, "यंत्रणा बदलायची तर नवा अर्ज करावा लागेल. तिचं वजन किती?"

"स्थिर चाकांपेक्षा अठ्ठावीस किलो जास्त."

"तुमचं?"

मी सांगितलं. त्यांनी काटा आणायला लावला आणि मला त्यावर दोनदा उभं केलं. मग फाईलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात बेरीज-वजाबाकी केली. "विमान, इंधन, ही यंत्रणा आणि तुम्ही, एवढं झाल्यावर दुसऱ्या सीटला चाळीस किलो उरतात. त्यापेक्षा जड माणूस बसवता येणार नाही."

सासऱ्यांचं वजन त्रेसष्ट किलो. हे मला माहीत होतं, कारण ते दर महिन्याच्या एक तारखेला वजन करतात आणि भिंतीवर लिहितात.

"तुम्ही तेवीस किलो उतरवा," बायको माझ्या पोटाकडे बघत म्हणाली, पण तिचाही आवाज नेहमीसारखा नव्हता.

सासऱ्यांनी खिशातला व्हर्नियर काढला, उगाच उघडला आणि बंद केला. "राहू दे," ते म्हणाले. "माझं काय एवढं. जावईबापू एकटे जातील, आपण खालून बघू."

मला ते सहन झालं नाही, सरळच सांगतो. सर्जनच्या एका वाक्यापायी, अडीच मिनिटांपायी, मी या माणसाची सीट पोटात गुंडाळून वर झाकण लावलं होतं. मी जिन्याखाली गेलो, चादरीचं ते गाठोडं उचललं आणि सगळ्यांच्या समोर गॅरेजच्या फरशीवर सोडलं. आस तसेच चमकत होते.

"साहेब," मी तपासनिसांना म्हणालो, "कागद बरोबर आहे. विमान चुकलंय. विमान दुरुस्त करतो."

तपासनिसांनी एक आस हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, "हे कुठून आणलंत?"

"आमच्या सासऱ्यांनी केलेत," मी म्हणालो, आणि हे सांगताना माझी मान किती ताठ झाली ते मलाच जाणवलं. सासरे छताकडे बघत होते. तपासनिसांनी फाईल मिटली. "महिन्याने येतो. नवा अर्ज नको. कागदावर जे आहे ते इथे दिसू द्या म्हणजे झालं."

ते गेल्यावर सासऱ्यांनी बाही वर केली, स्टूल विमानाखाली ओढून त्यावर बसले आणि हाताच्या ड्रिलने झाकणाच्या जोडावरचा एकेक रिव्हेट काढायला लागले. कापलं काहीच नाही, जिथे जोड होता तिथेच उसवलं. दारातून बघणाऱ्या शिंप्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरायचं ठरवलं आहे. शेवटी सासऱ्यांनी आत हात घालून कडी ओढली. तिन्ही चाकं धाडकन खाली आली. ते बाहेर सरकले, एकेका चाकाला हात लावत, मोठ्याने मोजत: "एक. दोन. तीन." मग वर बघून म्हणाले, "आता लागला असेल तुमचा हिरवा दिवा."

"फ्यूज गेलाय, मामा."

"चाकं मात्र आलीत," ते म्हणाले.

त्यानंतरचे पाच रविवार आम्ही दोघांनी बरोबर काम केलं. ती सगळी यंत्रणा, मोटार, नळ्या, दिवे, सुटं करून मी पुन्हा पेटीत भरलं. भोंगा मात्र गाण्याच्या बाईंनी मागून नेला. आता तो मुलींना सूर कुठे उतरतो ते दाखवायला उपयोगी पडतो म्हणे. सासरे कमी बोलायचे. मी बोल्ट आवळला की ते तोच पुन्हा आवळून बघायचे. तो फिरला नाही तर पुढच्या बोल्टकडे जायचे. चौथ्या रविवारी माझ्या लक्षात आलं, की त्यांनी माझे सलग तीन बोल्ट तपासलेच नाहीत. मी ते बायकोला आत जाऊन सांगितलं, आणि तिने ते आपल्या बहिणीला फोन करून सांगितलं.

तपासनिसांनी येऊन सही केली. विमान ट्रेलरवरून क्लबात गेलं, पंख सोफ्यामागून निघाले, आणि बैठकीची खोली एकदम इतकी मोठी झाली की आम्हाला चुकल्यासारखं व्हायला लागलं. नियमाप्रमाणे आधी मी एकट्याने ठरलेले तास उडवले. दर वेळी सासरे कुंपणापाशी उभे असायचे, आणि मी उतरलो की येऊन चाकांना हात लावायचे.

त्यांना बसवायचा दिवस आला तेव्हा सर्जन हँगरपाशीच होते. त्यांनी आमच्या चाकांकडे बघितलं. "म्हणजे शेवटी स्थिरच?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "आमची चाकं लपवायला मन होत नाही. आसाला हात लावून बघा."

सर्जननी खरंच वाकून हात लावला. त्यांना पोलादातलं कळत असावं. ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. "कुणाचं काम आहे?" त्यांनी विचारलं. सासऱ्यांनी ते न ऐकल्यासारखं दाखवलं आणि चष्मा पुसला, दोनदा.

आम्ही उडालो. आमच्या विमानाचे पंख डोक्यावर आहेत, त्यामुळे खिडकीतून खालचं सगळं दिसतं. सासऱ्यांनी शहर बघितलं, आपला जुना कारखाना बघितला, आमचं घर आणि दारात उभी राहून हात हलवणारी मुलगीही बघितली असावी. पण बराच वेळ ते आपल्या बाजूचं चाक बघत होते. वाऱ्याने ते सावकाश फिरत होतं.

मी धावपट्टीकडे वळलो. अशा वेळी सर्जन तीन दिवे बघतात. आमच्याकडे दिवे नाहीत, म्हणून मी सहज म्हणालो, "मामा, चाकं बघा."

त्यांनी आपल्या खिडकीतून खाली बघितलं. "एक," ते म्हणाले. मग माझ्यापुढून वाकून माझ्या बाजूच्या खिडकीतून बघितलं. "दोन." मग ते पुढे झुकले, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. नाकाखालचं चाक आतून दिसत नाही. पुस्तकातही तसं लिहिलंय.

"तिसरं दिसत नाही," ते म्हणाले.

"आहे, मामा."

ते माझ्याकडे बघत राहिले. धावपट्टी जवळ येत होती, आणि मला तिच्याकडे लक्ष देणं भाग होतं. पण त्यांनी खिशातून अर्धा वर काढलेला व्हर्नियर परत आत सरकवला, आणि पाठ टेकून नीट बसले, ते मला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

"तुम्ही म्हणताय ना," ते म्हणाले, "मग आहे."